आधी ‘हॅव’ शोधा, मग ‘हॅड’: इंग्रजी मेलमधला एक चिवट बिघाड

यातलं एखादं वाक्य तुम्ही या आठवड्यात लिहिलंय का, आधी बघा.

‘आय हॅव सेंट द इन्व्हॉइस यस्टरडे.’
‘युअर अ‍ॅप्लिकेशन हॅज बीन रिसीव्ह्ड ऑन ट्वेल्थ मार्च.’
‘आय हॅड गॉन टू द बँक ऑन मंडे.’
‘व्हेन हॅव यू जॉइन्ड?’
‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’

पाचही वाक्यं कळतात. आपल्या ऑफिसात कुणी भुवईसुद्धा उंचावणार नाही. पण पाचही बिघडलेली आहेत आणि पाचांच्या बिघाडाचं मूळ एकच आहे: ‘हॅव’ आणि ‘हॅड’ची गल्लत. ठाण्यातल्या एका निर्यात कंपनीत मी सतरा वर्षं कागदपत्रांचं काम बघते. त्यातला निम्मा वेळ ‘ताई, पाठवायच्या आधी ही मेल जरा बघून दे ना’ यात जातो. स्पेलिंगच्या चुका आता संगणकच पकडतो. हा बिघाड मात्र रोज येतो, दुरुस्त करून दिला की दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या मेलमध्ये पुन्हा येतो.

आणखी काही लक्षणं आहेत, ती वाक्यात दिसत नाहीत, उत्तरात दिसतात. परदेशातला माणूस तारीख परत विचारतो. किंवा ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारतो, आणि पुढे तर काही झालेलंच नसतं. आमच्याकडच्या एका मुलाने इंग्लंडमधल्या ग्राहकाला लिहिलं होतं, ‘वुई हॅड डिस्पॅच्ड द गुड्स.’ त्याला म्हणायचं होतं, माल पाठवला होता की! तिकडून काळजीचं उत्तर आलं: माल परत आला का? वाटेत काही झालं का? त्या एका ‘हॅड’पायी दोन फोन आणि चार मेल झाल्या. माल त्या वेळी समुद्रात अगदी सुखरूप होता.

तिसरं लक्षण मनातलं. ‘आय सेंट’ फार उघडंबोडकं वाटतं, ‘आय हॅव सेंट’ म्हटलं की जरा अदबशीर, ऑफिसला शोभेलसं वाटतं. असं वाटत असेल तर बिघाड मुरलेला आहे, असं समजा.

बिघाड येतो कुठून

मराठीतून येतो, आणि तो आपल्याला शाळेत पद्धतशीर शिकवला गेला. काळांचा तक्ता आठवा. पूर्ण वर्तमानकाळ: मी आंबा खाल्ला आहे, आय हॅव ईटन अ मँगो. पूर्ण भूतकाळ: मी आंबा खाल्ला होता, आय हॅड ईटन अ मँगो. एका रांगेत मराठी, समोर इंग्रजी. डोक्यात कायमची गाठ बसली: शेवटी ‘आहे’ आलं की ‘हॅव’, ‘होता’ आलं की ‘हॅड’.

तक्ता चुकीचा नव्हता, अर्धा होता. मराठीत ‘मी काल मेल पाठवली आहे’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे. ‘काल’ आणि ‘आहे’ एकत्र सुखाने नांदतात. सरकारी पत्र तर ‘आपला अर्ज दि. १२ मार्च रोजी प्राप्त झाला आहे’ असंच येणार. इंग्रजीत मात्र ‘हॅव’वालं रूप आजशी बांधलेलं आहे. संपलेल्या वेळेवर बोट ठेवणारा शब्द त्याच्या शेजारी बसत नाही. ‘यस्टरडे’ म्हटलं की ती वेळ संपली, दार बंद, साधा भूतकाळ.

‘होता’चं प्रकरण याहून मजेशीर आहे. ‘मी काल बँकेत गेलो’ एवढंच म्हणून तुम्ही गप्प बसलात तर समोरचा मराठी माणूस वाट बघतो: बरं, मग? ‘मी काल बँकेत गेलो होतो’ म्हटलं की बोलणं पुरं झालं. इंग्रजीत नेमकं उलट आहे. ‘आय वेंट टू द बँक’ पुरं झालं. ‘आय हॅड गॉन टू द बँक’ म्हटलं की ऐकणारा ताटकळतो, कारण ‘हॅड’ सांगतं की ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीच्या आधी घडली. ती दुसरी गोष्ट कुठे आहे? आमच्या इंग्लंडच्या ग्राहकाचं हेच झालं.

हे आपलंच अज्ञान आहे असं मानून कुढू नका. जर्मन आणि फ्रेंच माणसंही त्यांच्या भाषेत ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ या घडणीचं वाक्य बोलतात आणि इंग्रजीत येताना याच दगडाला ठेचकाळतात.

आता दुरुस्ती. फुकटची आणि पाच सेकंदांची तपासणी आधी. बहुतेक मेल पहिल्या दोन तपासण्यांतच सुधारतात, पुढे जावंच लागत नाही.

पहिली तपासणी: ‘हॅव’ शोधा, त्याच वाक्यात घड्याळ किंवा कॅलेंडर आहे का बघा

कंट्रोल आणि एफ दाबा, ‘हॅव’ शोधा, मग ‘हॅज’. सापडलेल्या प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट बघायची: संपलेली वेळ सांगणारा शब्द आहे का? यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९, ऑन ट्वेल्थ मार्च, अ‍ॅट टेन ओ’क्लॉक. असला तर ‘हॅव’ उडवा. ‘आय सेंट द इन्व्हॉइस यस्टरडे.’ काम झालं.

उडवल्यावर उरलेल्या क्रियापदाकडे एक नजर टाका. ‘सेंट’, ‘रिसीव्ह्ड’, ‘पेड’ आहेत तसेच चालतात, त्यांचं दुसरं आणि तिसरं रूप एकच आहे. पण ‘हॅव रिटन’चं ‘रोट’ होतं, ‘हॅव गिव्हन’चं ‘गेव्ह’, ‘हॅव टेकन’चं ‘टुक’, ‘हॅव सीन’चं ‘सॉ’, ‘हॅव गॉन’चं ‘वेंट’. नुसतं ‘हॅव’ काढून ‘आय सीन हिम यस्टरडे’ ठेवलंत तर औषध रोगापेक्षा वाईट. ‘हॅज बीन रिसीव्ह्ड ऑन’ असेल तर ‘हॅज बीन’च्या जागी ‘वॉज’ घाला, अनेकवचनाला ‘वर’.

शोधताना एक फसवणूक होते. ‘आय’ला चिकटून व्ही आणि ई असं आखूड रूप लिहिलं असेल तर ‘हॅव’ शोधून ते सापडत नाही. तेही वेगळं शोधा.

सगळे वेळेचे शब्द गुन्हेगार नाहीत. ‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘सो फार’, ‘रिसेंटली’, ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ यांच्याबरोबर ‘हॅव’ चालतं, कारण ती वेळ अजून चालू आहे किंवा आत्ताला टेकलेली आहे. ‘धिस मॉर्निंग’ हा बेरकी शब्द आहे. सकाळी अकराला लिहिलंत तर ‘आय हॅव कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग’ ठीक, संध्याकाळी पाचला लिहिलंत तर ‘आय कॉल्ड’. आणि ‘यस्टरडे’च्या आधी ‘सिन्स’ असेल तर ‘हॅव’ला हात लावू नका. ‘शी हॅज हॅड अ फीवर सिन्स यस्टरडे’ बरोबर आहे: ताप कालपासून आहे आणि आत्ताही आहे. ‘हॅज हॅड’ बघून लोक बिचकतात आणि त्यातलं एक खोडतात. खोडू नका. पहिलं मदतनीस आहे, दुसरं खरं क्रियापद.

दुसरी तपासणी: ‘हॅड’ शोधा आणि घटना मोजा

‘हॅड’ला दोन घटना लागतात, दोन्ही भूतकाळातल्या, एक आधी आणि एक नंतर. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ मी पोचले तेव्हा गाडी गेलेली होती. यातलं ‘हॅड’ काढा, अर्थ बदलतो: मी पोचले आणि मग गाडी सुटली. डोंबिवलीकरांना यातला फरक कुणी समजावायला नको.

एकच घटना मोजून आली तर ‘हॅड’ला पोट भरायला काही नाही, ते उडवा. ‘आय हॅड गॉन टू द बँक ऑन मंडे’चं ‘आय वेंट टू द बँक ऑन मंडे’. ‘आय हॅड अ मीटिंग’, ‘वुई हॅड लंच’ असल्या वाक्यांतलं ‘हॅड’ मोजणीत धरू नका, तिथे ते स्वतःच मुख्य क्रियापद आहे.

आता जो प्रकार मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करते तो. ‘आय हॅड सेंट यू अ मेल.’ हे आपण का लिहितो? कारण ‘मी तुम्हाला मेल पाठवली होती’ या ‘होती’त एक हळूच टोचणी आहे. पाठवली होती हो, पण तुमचं काही उत्तर नाही! मराठी कानाला ती टोचणी नीट ऐकू येते आणि ती सभ्यही असते, कुणाला थेट बोल लावलेला नसतो. ‘हॅड’मध्ये ही टोचणी भरलेली नाही. परदेशातल्या वाचकाला ती ऐकूच जात नाही, आणि तो उत्तर देत नाही म्हणून आपण आणखी चिडतो. टोचणी द्यायची असेल तर वेगळ्या वाक्यात द्या: ‘आय सेंट यू अ मेल लास्ट ट्यूसडे. हॅव यू हॅड अ चान्स टू लुक अ‍ॅट इट?’ पहिल्या वाक्यात वार आहे म्हणून साधा भूतकाळ. दुसऱ्यात आजपर्यंतचा प्रश्न आहे म्हणून ‘हॅव’. हे दोन वाक्यांचं जोडकाम एकदा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. आमच्याकडे तीन टेबलांवर चिकटवलेलं आहे.

तिसरी तपासणी: प्रश्नात ‘व्हेन’ आहे का

असला तर ‘हॅव’ नको. ‘केव्हा’ विचारलं म्हणजे एक ठरावीक संपलेली वेळच मागितली. ‘व्हेन डिड यू जॉइन?’ इथे ‘डिड यू जॉइन्ड’ असं डबल इंजिन लावायचं नाही, भूतकाळ ‘डिड’ने उचललेला आहे. ‘हाऊ लाँग’ने सुरू होणाऱ्या प्रश्नात मात्र, गोष्ट अजून चालू असेल तर, ‘हॅव’ हवंच: ‘हाऊ लाँग हॅव यू वर्क्ड हिअर?’

चौथी तपासणी: ‘सिन्स’ आणि ‘फॉर’

इथे गंमत उलटी फिरते. आतापर्यंत आपण ‘हॅव’ उपटत होतो, इथे लावायचं आहे, कारण इथे मराठीत ‘आहे’ नाही म्हणून आपणही विसरतो. ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतो.’ साधा वर्तमानकाळ. त्याचं आपण ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ करतो. यात दोन बिघाड एकत्र आहेत. काम मागे सुरू झालं आणि आजही चालू आहे, म्हणजे ‘हॅव’ची हक्काची जागा: ‘आय हॅव वर्क्ड’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’. दुसरा बिघाड ‘पासून’चा. मराठीत ‘२०१५ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हीकडे एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजीत सुरुवातीचा टप्पा सांगायचा तर ‘सिन्स’, मुदत सांगायची तर ‘फॉर’. सिन्स २०१५. फॉर फाइव्ह इयर्स.

बायोडेटात ही तपासणी टाळू नका. ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे नोकरी सुटली. ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे अजून आहे. एका अक्षराचाही खोटेपणा न करता समोरच्याला चुकीची माहिती जाते. आणि ‘फ्रॉम २०१२ टू २०१६’ लिहिलं असेल तर दोन्ही टोकं बंद आहेत, तिथे नुसतं ‘वर्क्ड’.

पाचवी तपासणी, जरा अवघड: वेळेचा शब्द लिहिलेला नाही, पण आहे

इथपर्यंत संगणकाच्या शोधावर भागलं. आता डोकं लागतं, कारण वेळ वाक्याबाहेर लपलेली असते.

पहिली जागा मागच्या वाक्याची. ‘हॅव’ दार उघडतं, आत शिरल्यावर साधा भूतकाळ. मुलाखतीत विचारतात, ‘हॅव यू एव्हर यूज्ड टॅली?’ उत्तर: ‘येस, आय हॅव. आय यूज्ड इट इन माय फर्स्ट जॉब.’ दुसऱ्या वाक्यात तारीख नाही, पण ‘पहिली नोकरी’ संपलेली आहे. बातमीही अशीच चालते. ‘देअर हॅज बीन अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट ऑन द घाट’, आणि त्यानंतर ट्रक कसा घसरला, किती वाहनं अडकली, हे सगळं साध्या भूतकाळात. आपल्याकडे मात्र घटनेचा अहवाल लिहिताना पहिलं ‘हॅज’ आलं की ते शेवटच्या ओळीपर्यंत पाझरत जातं. अहवालात पहिल्या परिच्छेदानंतर ‘हॅज’ दिसलं की थांबा आणि प्रत्येकाला विचारा, तू इथे का आहेस?

दुसरी जागा माणसाची. जिवंत गायिकेबद्दल ‘शी हॅज संग इन मेनी लँग्वेजेस’ म्हणता येतं, कारण ती उद्याही गाऊ शकते. लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या. त्यांच्याबद्दल आता ‘शी संग’, म्हणजे खरं तर ‘सँग’. श्रद्धांजलीच्या लेखांत आणि आजोबांवर लिहिलेल्या मजकुरात हा बिघाड हमखास सापडतो, आणि तो काढताना हात थोडा जड होतो, हेही खरं.

तिसरी जागा ‘गॉन’ आणि ‘बीन’ यांची. इथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘साहेब पुण्याला गेलेत’: ‘ही हॅज गॉन टू पुणे’, म्हणजे अजून तिथेच. ‘साहेब पुण्याला जाऊन आलेत’: ‘ही हॅज बीन टू पुणे’. मनात ‘जाऊन आले’ बसत असेल तर ‘बीन’. याहून सोपी खूण मला सापडलेली नाही.

इथे पान्हा लावू नका

काही वाक्यं बिघडलेली दिसतात, पण चालू असतात. अमेरिकेतला सहकारी ‘आय ऑलरेडी सेंट इट’ किंवा ‘डिड यू ईट येट?’ लिहील. ब्रिटिश वळणाने तिथे ‘हॅव’ येतं, अमेरिकन बोलण्यात साधा भूतकाळ सहज चालतो. त्याची मेल सुधारायला जाऊ नका. व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रिटिश की अमेरिकन यातलं काय निवडलंय ते आधी बघा, नाहीतर एकच वाक्य ते सकाळी हिरवं आणि दुपारी लाल दाखवेल. शिवाय लपलेली वेळ ओळखण्याच्या कामात मी त्याच्यावर विसंबत नाही. ती व्यक्ती हयात आहे की नाही, नोकरी चालू आहे की सुटली, हे त्याला कोण सांगणार?

‘ही इज गॉन’ हेही बरोबरच. एके काळी इंग्रजीतही येण्या-जाण्याच्या क्रियापदांना ‘हॅव’ऐवजी आपल्यासारखं ‘आहे’ लागायचं. त्याचा उरलेला तुकडा गोव्यात किंवा वसईत ईस्टरला इंग्रजी प्रार्थनेत ऐकू येतो: ‘क्राइस्ट इज रिझन’.

आणि आपसातल्या मेल? ठाण्याहून नाशिकला जाणाऱ्या मेलमध्ये ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ राहिलं तर आभाळ कोसळत नाही. भारतीय इंग्रजीत हे वळण इतकं रुळलंय की वाचणारा अडखळतही नाही. मी तिथे वेळ घालवत नाही. देशाबाहेर जाणारं, छापून येणारं आणि सही होणारं, एवढंच मी धरते.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

सही होणाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगते. करारनामा, प्रतिज्ञापत्र, कुलमुखत्यारपत्र यांतलं एकही ‘हॅज’ स्वतःच्या हाताने काढू नका. ‘द परचेसर हॅज पेड’ हे तिथे जाणूनबुजून लिहिलेलं असतं: सही करताना पैसे दिलेले आहेत, ही स्थिती नोंदवायची असते. तुम्ही शुद्धलेखनाच्या उत्साहात त्याचं ‘पेड’ केलंत आणि उद्या वाद झाला तर तुमची भाषा कितीही शुद्ध असो, निस्तरायचं वकिलालाच. शंका आली तर ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि मसुदा त्यांच्याकडे परत पाठवा.

डॉक्टरांचे कागद आणि विम्याचे अर्जही तसेच. ‘हॅड डायबिटीस’ आणि ‘हॅज हॅड डायबिटीस फॉर फाइव्ह इयर्स’ यांत आजार आहे की होता, असा सरळ फरक पडतो. डिस्चार्ज कार्डवरचा शब्द खटकला तर तो तुम्ही बदलू नका, ज्यांनी लिहिला त्या डॉक्टरांकडून बदलून घ्या. शोधनिबंध असेल तर कुठल्या भागात कुठला काळ वापरायचा याचे नियतकालिकागणिक संकेत असतात, ते मार्गदर्शकाला किंवा त्या विषयाच्या भाषासंपादकाला विचारा.

व्हिसासाठी किंवा परदेशी विद्यापीठासाठी मराठी कागदांचं भाषांतर हवं असेल तर व्यावसायिक भाषांतरकाराकडे जा, आणि जाताना मूळ मराठी कागद न्या. पुष्कळ जण पैसे वाचवायला आधी स्वतः इंग्रजी करतात आणि ‘फक्त तपासून द्या’ म्हणतात. तुमच्या इंग्रजीतलं ‘हॅड’ मुळातल्या ‘होता’तून आलंय की खरंच दोन घटना होत्या, हे नुसतं इंग्रजी बघून कुणालाच सांगता येत नाही. मूळ कागदाबरोबर एका चिठ्ठीवर तारखा लिहून द्या: नोकरी कधी लागली, कधी सुटली, कोण हयात आहे, कोण नाही, पैसे कुठल्या दिवशी दिले. भाषांतरकार पहिला फोन याच माहितीसाठी करणार असतो.